केळीच्या सालीचा कार्बन : एका आकड्याची चिकित्सा

शेतातील टाकाऊ द्रव्यांपासून सोडियम-आयन घटांची ऋणाग्रे बनविण्याविषयी अलीकडे विपुल लेखन झाले आहे. त्यातील एक निबंध खानदेशातील अभ्यासकांनी विशेष बारकाईने वाचावा असा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाशी संबंधित एल्मिरा मेमारझादेह लोतफाबाद, डेव्हिड मिटलिन व त्यांचे सहकारी यांनी केळीच्या सालीपासून मिळविलेल्या कार्बनाचा हा अभ्यास २०१४ साली ‘एसीएस नॅनो’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम सहज शिरतो, सोडियम मात्र जवळजवळ शिरत नाही. सालीच्या कार्बनात थरांमधील अंतर अधिक असल्याने ही अडचण बरीच दूर होते.

या कार्बनाची धारकता दर ग्रॅमला ३५५ मिलिअँपिअर-तास भरली. लिथियमसाठी ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे, हे लक्षात घेता आकडा भारदस्त वाटतो. परंतु त्याच निबंधात आणखी दोन आकडे आहेत. केवळ कार्बनाचे घनफळ धरले तर दर घन सेंटिमीटरला सुमारे ७००. संपूर्ण ऋणाग्राचे धरले तर सुमारे २७०. ऋणाग्राची घनता ०.७५ असल्याने ३५५ चे २७० होतात, त्यात गूढ काही नाही. लेखकांनी तिन्ही आकडे शेजारी मांडले, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. पुढे या वाटेने जाणाऱ्या अनेकांनी पहिला तेवढा उचलला.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. अशा चाचण्यांत समोर सोडियम धातूचा पत्रा असतो, म्हणजे सोडियमचा साठा अक्षय्य. प्रत्यक्ष घटात सोडियम येतो तो फक्त धनाग्रातून. पहिल्याच चक्रात शंभरातील तीस भाग ऋणाग्रात अडकून पडले, तर उरलेल्या सत्तरांवरच घटाला आयुष्य काढावे लागेल. ज्या निबंधात प्रथम चक्राची कार्यक्षमता ठळकपणे दिलेली नाही, त्यातील धारकतेचा आकडा अपुराच मानला पाहिजे.

कच्च्या मालाचीही चिकित्सा हवी. जळगावची केळी परप्रांती जातात, आणि साल खाणाऱ्याच्या दारी पडते. अल्बर्टात केळ पिकत नाही, तेथे साल हेच हाती येते! रावेर-यावलच्या शेतात उरतात ते खांब, आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते वाळविण्यास लागणारी उष्णता हिशेबात धरलीच पाहिजे. शिवाय केळीच्या राखेत पोटॅशियम भरपूर. ते आम्लाने धुवावे लागते आणि त्या सांडपाण्याची व्यवस्था पाहावी लागते. त्या मानाने धुळे-जळगावची पऱ्हाटी कोरडी व काष्ठमय असल्याने तिचा दावा अधिक बळकट दिसतो.

उपयोगाचे ठिकाण कोणते, यावरही मूल्यमापन अवलंबून आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील १२५ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासारख्या जागी घटमाला बसवायची झाल्यास तिच्या वजनाला फारसे महत्त्व नाही. किंमत, आयुष्य व उष्णता सोसण्याची शक्ती यांना आहे. प्रयोगशाळेतील चाचण्या बहुधा २५ अंश तापमानावर होतात. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि तापमानाबरोबर विद्युत अपघटनी द्रवाच्या अनिष्ट अभिक्रियाही वाढतात. पऱ्हाटीच्या कार्बनावर प्रबंध लिहिणाऱ्याकडे परीक्षकाने प्रथम मागावा तो ४५ अंशांवरील, खऱ्या धनाग्रासमोर घेतलेला आलेख.