'की' आणि 'म्हणून' : एका वर्गीकरणाची चिकित्सा

आपल्या शालेय व्याकरणांत 'की', 'म्हणून', 'म्हणजे' व 'जे' ही अव्यये 'स्वरूपबोधक' ह्या एकाच खणात ठेवलेली आढळतात. म्हणणे, समजणे, ऐकणे इत्यादी क्रियापदांना गौण वाक्य जोडणे एवढेच त्यांचे कार्य मानल्यास हे चालेल. परंतु 'की' व 'म्हणून' यांमधील भेद त्यामुळे झाकला जातो.

लॅटिनमध्ये 'तो येत आहे असे म्हणतो' हे 'दीकित एउम् वेनीरे' असे सांगतात. कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापद पुरुष-वचन टाकते. मूळ वक्त्याचे शब्द तेथे उरत नाहीत. 'पाहणे' ह्या क्रियापदाशी मात्र, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले असेल तर, धातुसाधित विशेषण येते : 'विदेओ एउम् वेनिएन्तेम्'. आपल्याकडे 'त्याला येताना पाहिले' आणि 'तो येत असल्याचे दिसले' हा भेद जवळजवळ तोच आहे.

'म्हणून' हे 'म्हणणे'चेच रूप. 'मी येतो म्हणून त्याने सांगितले' ह्यात वक्त्याचा 'मी' अबाधित राहतो. फारसीतून आलेल्या 'की'नंतरही तो राहू शकतो, पण तेथे 'तो येईल' हे इंग्रजी वळण सहज शिरते. सांगलीकडे कन्नड शेजारी 'बरुत्तेने एंदु हेळिदनु' म्हणतात. 'एंदु' हेही 'म्हणणे' ह्या अर्थाच्या धातूचेच रूप, आणि तेही उद्धृत वाक्यामागूनच येते. (संस्कृत 'इति'ही तसाच. म्हणून हे कन्नडचे ऋण असे घाईने म्हणू नये.) गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील ज्या गावाचा अभ्यास 'कुपवार' ह्या नावाने प्रसिद्ध केला, तेथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना परस्परांजवळ सरकलेली त्यांना आढळली.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर देशी सैन्याधिकाऱ्यांना फितविल्याचा आरोप आला. १८३६ साली चौकशी झाली आणि १८३९ साली त्यांना पदच्युत करण्यात आले. साक्षीदार देशी भाषांत बोलले, निर्णय इंग्रजी कागदांवरून झाला. साक्षीदाराने दुसऱ्याचे शब्द 'आम्ही' ह्यासह सांगितले असतील, तर इंग्रजी 'दॅट'पुढे तो 'आम्ही' कोणाचा, हे भाषांतरकारालाच ठरवावे लागते. 'म्हणून ऐकले' आणि 'बोलताना ऐकले' यांतील अंतर तर पुराव्याचेच अंतर आहे : पहिली वार्ता, दुसरी साक्ष. त्या कागदांच्या अभ्यासकाने प्रत्येक 'दॅट'पाशी हे दोन प्रश्न विचारावेत. आणि व्याकरणकारांनी 'म्हणून'ला निराळा खण द्यावा.