बच्छराजांची पेढी आणि चरित्रकारांचा कारखाना

उद्योगपतींचीं चरित्रें हल्लीं पुष्कळ निघतात. परंतु बखरींस आपण जी कसोटी लावतों, ती त्यांस कोणी लावीत नाहीं. कै. कमलनयन बजाज (१९१५–१९७२) यांस 'भारतीय मोटारसायकल-उद्योगाचे आद्य प्रवर्तक' म्हणणारे लेख वाचनांत आल्यावरून हें टिपण.

१९४५ सालीं त्यांनीं कारखाना काढला, असें लिहिलेलें आढळतें. वस्तुतः २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं स्थापन झालेल्या कंपनीचें नांव 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' असें होतें, आणि तें नांवच आपला धंदा सांगतें. शेठ बच्छराज हे वर्ध्याचे. जमनालालजी त्यांचे दत्तक नातू व कमलनयनजी जमनालालजींचे पुत्र. वर्धा आम्हां केळापूरकरांस परकें नाहीं, म्हणून हें नांव दिसतांच पेढी डोळ्यांपुढें येते. चरित्रकारांस मात्र तेथें धुराडें दिसतें! १९४८ पासून ही कंपनी परदेशीं बनलेल्या दोनचाकी व तीनचाकी गाड्या आणून विकीत असे. निर्मितीचा सरकारी परवाना १९५९ चा. त्यानंतर जी स्कूटर निघाली, ती इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या अनुज्ञेनें बनविलेली व्हेस्पा होय. मधलीं चौदा वर्षें गाळलीं, कीं व्यापाऱ्याचा एकदम कारखानदार होतो. आणि त्याच काळांतील अहमदनगरचे नवलमल फिरोदिया, ज्यांच्या खटपटीनें तीनचाकी रिक्षा या देशांत रुळली, तेही सोयीस्करपणें गळतात.

'मोटारसायकल' हा शब्द तर सर्वस्वीं अग्राह्य आहे. मद्रासेस एन्फील्डचा उद्योग १९५५ सालीं सुरू झाला. म्हैसूरची जावा १९६१ ची. 'कावासाकी बजाज' ही मोटारसायकल १९८६ त आली. तोंपर्यंत कमलनयनजींस जाऊन चौदा वर्षें लोटलीं होतीं. 'प्रवर्तक' शब्दांत चक्र फिरविण्याचा भाव आहे. पण फिरलें कोणतें चक्र, हें तरी पाहावयास नको काय?

यांत त्यांस उणेपणा आणण्याचा हेतु नाहीं. वडिलांच्या मागें पेढी सांभाळणें, परवान्यासाठीं इतकीं वर्षें थांबणें, आणि १९५७ पासून वर्ध्याचें लोकसभेंत प्रतिनिधित्व करणें, हें खरें चरित्र कल्पितापेक्षां अधिक रसाळ आहे.

तें लिहावयाचें तर कागद पाहिजेत, आणि ते जात आहेत. गेल्या वर्षीं तालुक्यांतील एका बंद पडलेल्या दुकानाच्या वह्या रद्दींत निघाल्याचें कळलें. मी पोहोंचेपर्यंत तीन पोतीं गेलीं होतीं. एक चोपडी तेवढी हातीं लागली. तींत स्कूटरसाठीं नांव नोंदविणारांची यादी असून, पुढें गाडी मिळाल्याची तारीख आहे. एका गृहस्थाच्या दोन तारखांत सात वर्षांचें अंतर पडलें आहे. मोडी दफ्तरें जपणाऱ्या आपल्या सभासदांनीं अशा चोपड्याही जवळ कराव्या; माझ्याकडील प्रत पाहावयाची असल्यास केळापुरास यावें.