‘ऊर्जे’चा अडलेला पाट : ॲक्युपंक्चरविषयक मराठी विवेचनाची एक चिकित्सा

ॲक्युपंक्चर शरीरात नेमके काय घडवून आणते, या प्रश्नाला मराठी आरोग्यपुस्तिका, वृत्तपत्रीय स्तंभ व व्याख्याने यांतून मिळणारे उत्तर बहुधा एकाच साच्यातील असते. शरीरात ‘मेरिडियन’ नावाच्या वाहिन्या आहेत, त्यांतून ‘ची’ ही जीवनऊर्जा वाहते, ती अडली की रोग होतो व सुई टोचताच अडथळा दूर होतो. भंडारा जिल्ह्यातील वाचकाला हे उत्तर चटकन पटते. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या या प्रदेशात पाट तुंबला की खालच्या बांधीतले धान वाळते आणि गाळ काढला की पाणी धावते, हा पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु ओळखीचे वाटणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर या विवेचनात क्वचितच राखले जाते.

मुळात ही उपमा चिनीच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात बारा वाहिन्यांची सांगड चीनमधील बारा नद्यांशी घातलेली आढळते. वाहिनीसाठी योजलेला ‘जिंग’ हा शब्द तर मागावरच्या उभ्या धाग्याचा, म्हणजे ताण्याचा. आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या कोष्ट्याला तो भूगोलाच्या अध्यापकाआधी कळावा. ‘ची’ या शब्दाला वाफ, श्वास, हवा अशा अर्थच्छटा आहेत. ‘ची’चे ‘ऊर्जा’ आणि ‘जिंग’चे ‘मेरिडियन’, अर्थात रेखावृत्त, हे भाषांतर विसाव्या शतकात जॉर्ज सुलिए द मोराँ या फ्रेंच राजनैतिक अधिकाऱ्याच्या लेखनातून रूढ झाले. हेच शब्द इंग्रजीमार्गे मराठीत आल्यावर ‘ऊर्जे’ला योगशास्त्रातील ‘प्राण’ व ‘मेरिडियन’ला ‘नाडी’ जोडली गेली. परिणामी चिनी उपमा, फ्रेंच परिभाषा, योगाची पुण्याई आणि पदार्थविज्ञानाची प्रतिष्ठा अशी चौपदरी वीण तयार झाली. पदार्थविज्ञानातील ऊर्जा मोजता येते. ‘ची’ कोणी मोजलेली नाही, आणि शवविच्छेदनात मेरिडियन आढळलेले नाहीत, ही साधी गोष्ट या विणीत झाकली जाते.

(या विद्येचे भारतातील श्रेय डॉ. कोटणीसांना देण्याची प्रथाही तपासून पाहावी अशीच आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, तसेच नागपूरचे चोळकरही होते. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते व १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजवले, ते त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी.)

शरीरविज्ञानाने दिलेली उत्तरे याहून कमी रम्य, पण तपासता येण्याजोगी आहेत. १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. म्हणजे येथे सुई अडथळा काढत नाही, उलट अडथळा घालते! पुढे १९७७ मध्ये दातांच्या वेदनेवरील एका प्रयोगात, नॅलोक्झोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर सुईने मिळालेला आराम ओसरला. यावरून शरीरातील एंडोर्फिनसारख्या द्रव्यांचा सहभाग सूचित झाला. २०१० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सुई फिरवली असता त्या जागी ॲडेनोसिन वाढल्याचे दिसले. ज्या उंदरांत त्याचा ग्राही नव्हता त्यांची वेदना मात्र कमी झाली नाही.

तथापि येथेही घाईने समाधान मानता येत नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनंतर लक्षणीय आराम होता. बिंदू सोडून भलतीकडेच उथळ टोचलेल्यांत हे प्रमाण ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत अवघे २७.४ टक्के होते. म्हणजे सुईचा अनुभव कामी आला, नकाशा फारसा नाही. रोवणीत ओणव्याने दिवस काढणाऱ्या मजूर बाईच्या कमरेला सुईने आराम पडला, तर तो खोटा नाही. त्याचे दिलेले कारण तेवढे संशयास्पद आहे. याला छेद देणारा पुरावाही नोंदवला पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात मागच्या पायातील एका बिंदूवर दिलेल्या सौम्य विद्युत्‌-उत्तेजनाने दाह कमी झाला, पोटावरील बिंदूवर तसे घडले नाही. जागेला महत्त्व आहे, पण ते तेथील विशिष्ट मज्जातंतूंमुळे.

कारण कोणते मानायचे हा केवळ परिभाषेचा वाद नाही. २०१५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने या उपचाराला वैधानिक चौकट दिली असली, तरी त्याची मर्यादा रुग्णाला कळते ती सांगणाऱ्याच्या भाषेतूनच. मज्जातंतूंची भाषा ‘वेदना कमी होऊ शकते’ एवढेच म्हणते. ‘अडलेल्या ऊर्जे’च्या भाषेला सीमाच नाही. पूर्व विदर्भात, भंडाऱ्यातही, सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांचे सांधे व हाडे असह्य ठणकतात, आणि तेथे अडथळा खरोखरच असतो : विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकलेल्या असतात. सुईने ठणका घटकाभर कमी झाला, तरी पेशींचा आकार बदलत नाही. अशा मुलाच्या आईला ‘प्रवाह अडला आहे’ असे सांगितले, तर तिला ते खरेच वाटेल आणि रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी पुढच्या महिन्यावर जाईल.