अनघडातून बाहेर

कऱ्हाडजवळच्या मलकापुरातून आगाशिवच्या डोंगराकडे नजर गेली की मला ‘एरुडाइट’ हा शब्द आठवतो. इंग्रजीत तो गाढ्या विद्वानाला लावतात. शब्द मूळचा लॅटिन. ‘रुदिस’ म्हणजे कच्चा, ओबडधोबड, हात न फिरलेला. त्याला ‘बाहेर’ सांगणारा ‘ए’ लागला आणि ‘एरुदिरे’ झाले: अनघडपणातून बाहेर काढणे, शिकवणे. इंग्रजीतला ‘रूड’, म्हणजे उर्मट, हाही त्याच रुदिसचा वंशज. विद्वान आणि उर्मट एकाच घरातले. एक बाहेर पडला, दुसरा आतच राहिला.

आगाशिवच्या बौद्ध लेण्यांत हा अर्थ हाताला लागतो. भिक्षूंसाठी कोरलेल्या साध्या खोल्या, नक्षीकाम बेताचेच. भिंतीवर तळवा टेकवला की कातळाचा खरखरीतपणा अजून जाणवतो. इथे काही आणून रचलेले नाही. नको तेवढा दगड काढला आणि माणसाला बसायला जागा झाली. शिकणे म्हणजे भर घालणे, असे आपण धरून चालतो. एरुदिरे काढून टाकण्यावर बोट ठेवतो.

आपला ‘व्युत्पन्न’ हा शब्दही विद्वानालाच लावतात. वि, उत् आणि पद्. लॅटिन ‘ए’ बाहेर नेतो, आपला ‘उत्’ वर आणतो. इथे छिन्नी नाही, उगवणे आहे. धातूपासून सिद्ध झालेला शब्दही व्युत्पन्न आणि शास्त्रांत मुरलेला माणूसही व्युत्पन्न! व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचे मूळ, तशीच विद्वत्ताही. एवढी श्रीमंती मला लॅटिन शब्दात दिसत नाही. पण अंगचा कठोरपणा गेला का, हे मात्र लॅटिन शब्दच विचारतो. समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे वेगळी सांगितली, तीही याच काळजीने.

या कसोटीला उतरलेला एक विद्वान याच नदीकाठचा. कऱ्हाडला येणारी कृष्णा आधी वाईवरून येते. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. धर्मशास्त्रात व्युत्पन्न असे हे शास्त्रीबुवा अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्राधार घेऊन उभे राहिले. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह 1933 साली पुण्यात झाला. त्याचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्रींनीच केले.