शत्रूचं डोकं अडवायचा खेळ

मित्रहो, या पानांवर आजवर कवितासंग्रहांची चिरफाड झाली, नाटकांची झाली, प्रस्थापितांच्या कादंबऱ्यांची तर दर अंकात होते. मी आज एका खेळाची करणार आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळाची. हसू नका. कविता आपल्या वस्तीत पाच जण वाचतात, त्यातले दोघे स्वतः कवी. खेळ पन्नास पोरं खेळतात. जे पन्नास पोरांच्या डोक्यात जातं त्याची समीक्षा करायला प्राध्यापक असावं लागत नाही.

मी राहतो फैजपूरला. खानदेशातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात डॉफरचं काम करतो. म्हणजे भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या. शाळा दहावीनंतर सुटली, पुढचं वाचन माझं मी केलं. भुसावळहून एक जुना लॅपटॉप आणलाय. त्यावर जड काही चालत नाही, पण 'फ्रीसिव्ह' चालतो. तो फुकट आहे. १९९१ साली अमेरिकेत सिड मायर नावाच्या माणसाने 'सिव्हिलायझेशन' हा खेळ काढला. त्याच्यावरून डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा सगळ्यांसाठी मोकळा खेळ बाहेर आणला. रात्रपाळी नसली की मी खेळतो. माय म्हणते, "काय करून राह्यला रे भाऊ रातभर?" मी म्हणतो, "राज्य." ती म्हणते, "मग सकाळी पाणी भर."

खेळ असा. एक राष्ट्र तुमचं, बाकीची दुसऱ्यांची. एक पाळी तुमची, एक पाळी त्यांची. गिरणीसारखंच, फक्त इथे भोंगा नाही. गावं वसवायची, रस्ते काढायचे, फौज उभारायची. पण जिंकतो कोण? ज्याची विद्या पुढे धावते तो. विद्येचं एक झाड आहे. आधी मुळाक्षरं, मग लेखन. लेखन आलं की ग्रंथालय बांधता येतं, ग्रंथालय बांधलं की ज्ञानाची भर निम्म्याने वाढते. असं करत वाफेचं इंजिन, वीज, पार अवकाशयान. समोरच्याकडे बंदूक आली नि तुमच्याकडे अजून भाले असले, की खेळ संपला समजा.

म्हणून मुरलेला खेळाडू दोन कामं करतो. स्वतःची विद्या वाढवतो, आणि दुसऱ्याची अडवतो. दुसरं काम पहिल्यापेक्षा स्वस्त पडतं, हे मला महिनाभरात कळलं. अडवायचे मार्ग असे. एक, आपली विद्या त्याला द्यायची नाही. तहात दुसरं काहीही द्या, विद्या नाही. दोन, त्याला शेजाऱ्याशी लढायला लावायचं, म्हणजे त्याचा पैसा ग्रंथालयाऐवजी शिपायांवर जातो. तीन, हेर पाठवून त्याची इमारत मोडायची. चार, त्याच्या गावात असंतोष माजू द्यायचा. पेटलेल्या गावातून विद्येची भर येत नाही. आणि पाचवा मार्ग सगळ्यांत बारीक. मी ज्या नियमसंचाने खेळतो त्यात असा नियम आहे, की ज्या राष्ट्रांशी तुमची वकिलात आहे त्यांच्यातल्या जितक्यांना एखादी विद्या येते, तितकी ती तुम्हांला स्वस्त पडते. शेजाऱ्याकडे येणं-जाणं असलं की शिकणं सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा शत्रूचं डोकं अडवायचं असेल तर त्याला वकिलात द्यायची नाही. मारायचं नाही, जाळायचं नाही. फक्त येणं-जाणं बंद.

हा नियम वाचला त्या रात्री मी लॅपटॉप मिटून ठेवला. येणं-जाणं बंद. रोटी बंद, बेटी बंद, पाणी बंद, शाळा बंद. हा मार्ग कुण्या सिड मायरने शोधलेला नाही. आपल्या आजा-पणजांवर तो शेकडो वर्षं चालवून पाहिलेला आहे.

आता माझा पहिला आक्षेप. खेळात राष्ट्र म्हणजे एक माणूस. हिंदुस्थानला मुळाक्षरं आली की सगळ्या हिंदुस्थानाला आली. मी हिंदुस्थान घेऊन खेळलो. पडद्यावर लिहून आलं की तुम्हांला लेखनकला अवगत झाली. कुणाला? १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत नाव घालावं म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने कबूल केलं की न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे. आणि प्रवेश नाकारला, कारण एका मुलाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील. त्या वेळी देशात छापखाने होते, तार होती, मुंबईहून आगगाडी सुटत होती. खेळाच्या हिशेबाने हिंदुस्थान बराच पुढे होता. आणि त्याच हिंदुस्थानातल्या एका पोराला मुळाक्षरं बंद होती. खेळातला शत्रू नेहमी सरहद्दीपलीकडे असतो. आपल्या देशात ज्याचं डोकं अडवायचं तो गावकुसाबाहेर होता, शंभर पावलांवर. हे दाखवायला या खेळाच्या नकाशात जागाच नाही.

दुसरा आक्षेप मी गिरणी कामगार म्हणून घेतो. विलायतेने सुताची यंत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून कायदे केले होते. ते पुरते उठले १८४३ साली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणी काढली. मग लँकेशायरच्या कापडवाल्यांना इथलं कापड खुपू लागलं, आणि १८९६ पासून इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली. ती जायला १९२६ उजाडलं. प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवण्याचं याहून चांगलं उदाहरण खेळातही सापडणार नाही. इथले मालक ओरडले, आणि ते ओरडणं बरोबर होतं.

पण गिरणीच्या फाटकाच्या आत काय चाललं होतं? साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त. तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसं रिंग खात्यात, झाडूकामात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घातला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी, मित्रहो. लँकेशायरविरुद्ध मालक आणि मजूर दोघे एक. आपल्याविरुद्धही दोघे एक.

अजून पुढे ऐका. तोंडाने सूत ओढावं लागणार नाही असा धोटा अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रप मागाबरोबर आला होता. यंत्राने विटाळाचं कारणच काढून घेतलं होतं. पण इथे मजूर स्वस्त, म्हणून साधे माग चालू राहिले आणि विटाळही चालू राहिला. यंत्र अडलं की जात टिकते. हे मला कुठल्या ग्रंथाने शिकवलं नाही, धोट्याने शिकवलं.

म्हणून तिसरा मुद्दा. १९९१ च्या मूळ खेळात हिंदुस्थानचा पुढारी कोण? गांधी. खेळातले गांधी अणुबॉम्ब टाकतात अशी दंतकथा पोरांत आहे. ती ज्या चुकीवर रचली ती चूक मूळ खेळात नव्हतीच, असं मायरने २०२० साली स्वतः लिहिलं. ते असो. मला हसू वेगळ्याच गोष्टीचं येतं. गांधींना विद्येच्या झाडावर भराभर चढवायला निघालेत! आमच्या फैजपूरला विचारा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं. नेहरू अध्यक्ष. गांधींनी खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन उघडलं. चरखा, घाणी, हातकागद. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचं न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं होतं, ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पुढे १९४५ च्या ग्रंथात त्यांनी साफ मांडलं की यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. चरख्याने गरिबाला दोन पैसे मिळाले असतील, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला गावाने जन्मभर हातानेच राबवलं त्याला पुन्हा हातच दाखवणं म्हणजे त्याची पाळी चुकवणं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेब बोलले ते हेच. आपला माणूस गँगमनच राहतो, वर्कशॉपात हमालच राहतो, यंत्राच्या वरच्या जागेवर चढू दिला जात नाही. भुसावळच्या लोकांना हे सांगायला नको.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल. माझ्या खात्यात दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं. पडद्यावर बोट लावून चालवायचं. शिकवायला माणूस आला, तीन दिवस होता. कुणाला बसवायचं हे मुकादमाने ठरवलं. मी म्हटलं, मला कॉम्प्युटर येतो, मी बसतो. तो हसून म्हणाला, "तू बॉबिन चांगल्या उचलतो, तेच कर." जात काढली नाही. शिवी दिली नाही. फक्त वकिलात दिली नाही. मी जेवणाच्या सुट्टीत लांबून बघून बघून ते मशीन शिकलो. पण हजेरीपटावर अजून डॉफरच आहे.

इथवर वाचून तुम्ही खूष असाल. आता तुमच्या-माझ्याबद्दल.

आपल्या विहाराच्या खोलीत वर्गणीतून एक कॉम्प्युटर आला. किल्ली आम्हा चार-पाच कार्यकर्त्यांकडे. संध्याकाळी आम्ही बसणार, आणि आम्ही बसलो की पोरी येणार नाहीत, हे आम्हांला माहीत होतं. मागच्या गल्लीतलं मातंगाचं एक पोरगं दोनदा दारात उभं राहिलं. कुणीतरी म्हणालं, "हा आपल्या वर्गणीचा आहे." ते कुणीतरी दुसरं कुणी नव्हतं, मीच होतो. मुकादमाचं वाक्य आणि माझं वाक्य शेजारी-शेजारी लिहून बघा. मी बघितली. त्या दिवशीपासून मला या खेळाची समीक्षा लिहायची होती, आणि लाजेने लिहवत नव्हती.

आपल्यातले काही म्हणतात, त्यांनी आपल्याला अडवलं, आता आपण त्यांना अडवू. खेळात हा डाव चालतो, मी त्याने जिंकलोही आहे. पण जिंकल्यावर नकाशावर काय उरतं? एक पुढे गेलेलं राष्ट्र आणि भोवती भालेवाले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उघडलं, तेव्हा दार सगळ्या जातींना उघडं ठेवलं. अडवलं गेल्याचा सूड त्यांनी अडवून घेतला नाही.

खेळाला माझा शेवटचा शेरा असा. तो साम्राज्यवाद्यांच्या डोक्यातून निघालेला आहे, त्याला माणूस दिसत नाही, राष्ट्र दिसतं. पण त्याच्या पोटात एक खरा नियम आहे, तो उलटा वाचायला शिका. जितक्यांना विद्या येते आणि जितक्यांशी येणं-जाणं असतं, तितकी ती शेवटच्या माणसाला स्वस्त पडते. आपल्यात शेवटचा कोण, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

विहाराच्या किल्लीची दुसरी प्रत करून घेतली. ती आता गल्लीतल्या एका अकरावीच्या पोरीकडे असते. संध्याकाळी सहा ते आठ पोरी बसतात, आम्ही बाहेर ओट्यावर. ते मातंगाचं पोरगं आठनंतर येतं. परवा त्याने मला फ्रीसिव्हमध्ये हरवलं. माझ्याकडे भाले होते, त्याच्याकडे बंदुका. वकिलात मीच दिली होती.

जय भीम.