फादर स्टीफन्स : कौतुकाच्या ओव्यांपलीकडे

फादर स्टीफन्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मराठीच्या कौतुकाच्या ओव्या. आमचा आक्षेप त्या ओव्यांवर नाही, तिथेच थांबण्यावर आहे. आम्हीही तेच केलं, ही कबुली आधीच देतो. वर्षानुवर्षे तत्त्वज्ञानाच्या वर्गात थॉमस अक्वायनस शिकवला. स्टीफन्स मात्र मराठी विभागाचा म्हणून सोडून दिला. मराठी विभागाने त्याला भाषेचा भक्त केलं. मग त्यातला धर्मचिंतक वाचायचा कोणी?

हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. १६१६ साली रायतूरला त्याचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. युरोपच्या हिशेबाने हा माणूस मध्ययुगीन नव्हे, पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याची जागा तिथेच आहे. एकनाथ १५९९ साली गेले, तेव्हा हा गोव्यात वीस वर्षं मुरला होता. आणि त्याच्या पंथाचा धर्मशास्त्रातला गुरू कोण? तेराव्या शतकातला अक्वायनसच.

अक्वायनस म्हणतो, माणसाचा शब्द ईश्वराला लावला की अर्थ अगदी तोच राहत नाही, अगदी वेगळाही होत नाही. माणूस निरोगी आणि हवा निरोगी, असं आपण म्हणतोच ना? तसं. स्टीफन्सने हे ओवीत करून पाहिलं. ख्रिस्ती स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटलं. पवित्र आत्म्याला मात्र 'स्पिरितु सांतु' हे परकं नावच ठेवलं. कुठे आपला शब्द चालेल आणि कुठे घात करेल, याचा हा विचार आहे. आमच्या मते त्याची खरी प्रतिभा इथे दिसते.

पण बघा, 'वैकुंठ' घेतलं तेव्हा विष्णू कुठे गेला? १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केलं गेलं. जुनी पुराणं हातून गेलेल्या माणसांसाठी हे नवं पुराण होतं. म्हणून त्याला निव्वळ प्रेमाचा ग्रंथ म्हणणं भोळेपणाचं आहे. पण निव्वळ डाव म्हणणंही अन्यायाचं आहे, कारण ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या गायला, त्यांचा तो खराच झाला. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तरी हस्तलिखितांतून तो टिकला. १९०७ साली मंगळूरहून पुन्हा प्रसिद्ध झाला.

गोसीखुर्दच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. धरणात गाव गेलं की नव्या वसाहतीत घर मिळतं, गावाचं नावही मिळतं. पण जुन्या पारावर म्हटलेलं भजन नव्या ओट्यावर तेच राहतं का? अगदी तेच नाही, अगदी वेगळंही नाही. पाणी सोडणाऱ्याचा हिशेब एक, भजन म्हणणाऱ्याचा दुसरा. 'ख्रिस्तपुराण' वाचताना हे दोन्ही हिशेब मांडावे लागतात. एकच मांडला, तर आपण स्टीफन्सलाही चुकतो आणि त्याच्या श्रोत्यांनाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.