व्हॉल्व्हचा गोड आवाज : खरा किती, ऐकीव किती?

व्हॉल्व्हच्या जुन्या अॅम्प्लिफायरचा आवाज गोड होता, आजच्या आय.सी.चा कोरडा आहे, असे लाउडस्पीकरवाल्यांकडून आणि काही विज्ञानशिक्षकांकडूनही कानावर येते. परभणी, गंगाखेड, पाथरीच्या जत्रा-उरुसांत ज्यांनी दोन्ही ऐकले, त्यांच्या अनुभवाला आम्ही खोटे म्हणत नाही. पण त्यासाठी दिले जाणारे कारण तपासायला हवे.

कारण असे सांगतात : व्हॉल्व्ह आवाजात जे विरूपण आणतो, ते मुख्यतः दुसऱ्या उपस्वराचे असते. षड्ज 240 हर्ट्झचा धरला, तर दुसरा उपस्वर 480 चा, म्हणजे तार षड्जच. तो कानाला खटकत नाही. सातवा मात्र 1680 वर येतो, कोमल निषादाहूनही थोडा उतरलेला. असे वरचे उपस्वर थोडे मिसळले तरी आवाज कर्कश होतो. इथवर सारे बरोबर आहे. पण जत्रेत लागणाऱ्या मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये शक्ती वाढवण्यासाठी व्हॉल्व्हच्या जोड्या 'पुश-पुल' पद्धतीने जोडत, आणि या जोडणीत दुसरा, चौथा असे सम उपस्वर एकमेकांना खोडतात. ज्याला गोडव्याचे श्रेय देतात, तो उपस्वर तिथे फारसा उरतच नसे! शिवाय लोक ऐकत होते ते कर्ण्यातून. कर्णा खालचे आणि अगदी वरचे स्वर आधीच गाळून टाकतो.

खरा फरक पडे तो मर्यादा ओलांडल्यावर. व्हॉल्व्ह लहरीचे माथे हळूहळू गोलावतो. ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर ते सुरीने कापल्यासारखे सपाट करतो आणि त्यातून वरच्या विषम उपस्वरांची रास निघते. आपल्याकडे बटण शेवटपर्यंत पिरगाळण्याची रीत, त्यामुळे जुन्या यंत्राची ही सवलत कामी येई. मर्यादेच्या आत काय? इंग्लंडमध्ये 1978 साली क्वाड कंपनीसाठी घेतलेल्या चाचणीत तिचाच 1953 सालचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आणि नंतरचे दोन ट्रान्झिस्टरचे, पातळी समान ठेवून, कोणता ते न सांगता ऐकवले. सरावलेल्या श्रोत्यांनाही फरक खात्रीने ओळखता आला नाही. पातळी समान नसेल तर किंचित मोठा आवाज अधिक चांगला वाटतो. जत्रेत ही काळजी कोण घेणार?

एका बाबतीत जुन्यांचे पारडे जड होते. परभणीत मे महिन्यात पारा 44 अंशांवर चढतो. सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर सुमारे 85 ते 100 अंशांपुढे टिकत नसत; व्हॉल्व्हला उन्हाची पर्वा नव्हती. सिलिकॉन 150 अंशांपर्यंत तग धरते, म्हणून ती अडचण पुढे मिटली. विजेच्या हिशेबात तर तुलनाच नको. ई.एल.34 या प्रचलित व्हॉल्व्हचा नुसता तंतू तापवायला साडेनऊ वॅट लागतात, आवाज निघो न निघो. आजचा 'डी' वर्गाचा अॅम्प्लिफायर घेतलेल्या शक्तीपैकी सुमारे 90 टक्के स्पीकरला देतो.

नव्या यंत्रांवर आमचा आक्षेप वेगळा आहे : खोक्यावर छापलेल्या 'पी.एम.पी.ओ.' वॅटचा. या आकड्याला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. शाळेसाठी खरेदी करताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणून पाहावेत. 12 व्होल्ट, 2 अँपिअरच्या अडॅप्टरवर चालणारा संच सलग 24 वॅटहून अधिक देऊ शकत नाही, खोक्यावर 1000 लिहिले असले तरी.